हनुवटीचे टाके दिसतात, कानापाशी मोडलेलं दिसत नाही

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या वेळी दुधाच्या दातांवर लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती, की मूल तोंडावर पडलं तर नुसते दात बघू नका, जबडाही बघा. त्यावर इतक्या मेल आल्या की यावेळचं सगळं सदर मी त्यालाच देतेय. ज्यांना घाई होती त्यांना मी लगेच कळवलंय, इथे जरा सविस्तर.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा मुलगा ४ वर्षांचा आहे. परवा जिन्यावरून पडला, खालचा जबडा पुढून मोडलाय, दोन दातांच्या मधे पायरी झाल्यासारखं दिसतंय. इथले डॉक्टर म्हणतात प्लेट नको, प्लास्टिकचा साचा बसवून तारेने बांधू. माझ्या दिरांना बाइकवरून पडल्यावर प्लेट टाकली होती आणि ते महिन्याभरात ठणठणीत झाले, त्यामुळे ते म्हणतात पोराला ही जुनी पद्धत कशाला, प्लेट टाका म्हणजे पक्कं होईल. घरात वाद चाललाय. काय करू? — एक आई, कराड

उत्तर : ताई, तुमचे डॉक्टर अगदी बरोबर सांगतायत. दिरांची काळजी मला कळते, पण त्यांचा जबडा आणि तुमच्या पिल्लाचा जबडा ही दोन वेगळी हाडं आहेत असंच समजा. मोठ्या माणसाच्या खालच्या जबड्यात दातांच्या मुळांखाली भरपूर मोकळं हाड असतं, तिथे स्क्रू मारता येतात. ४ वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यात वर १० दुधाचे दात दिसतात आणि हाडाच्या पोटात पक्क्या दातांचे किमान १२ अंकुर दाटीवाटीने बसलेले असतात. एक्स-रे पाहिलात तर हाड कमी आणि दातच जास्त दिसतील. त्यात स्क्रू घालायचा म्हणजे कुठल्या तरी अंकुराला भोक पडायची भीती, आणि मग तो दात वेडावाकडा, डागाळलेला येतो नाहीतर येतच नाही, आणि हे कळतं कधी तर ३-४ वर्षांनी. म्हणून जिथे साच्याने भागतंय तिथे आम्ही प्लेटच्या वाटेला जात नाही.

आता तो साचा, म्हणजे कॅप स्प्लिंट, कसा करतात ते सांगते म्हणजे घरातल्यांना समजावता येईल. आधी वरच्या आणि खालच्या दातांचं माप घेतात, कवळीसाठी घेतात तसंच, त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती करतात. खालच्या प्रतिकृतीत ती पायरी तशीच्या तशी उतरते. मग बारीक करवतीने प्लास्टरचा जबडा बरोबर त्या मोडलेल्या रेषेवर कापायचा आणि दोन तुकडे वरच्या दातांशी नीट जुळतील असे परत मांडून मेणाने चिकटवायचे. मला या कामाची फार ओढ आहे, कारण मूल पडण्याआधी त्याचे दात कसे एकमेकांवर बसत होते हे तिथे आपल्या हातात परत जुळून येतं. त्या जुळवलेल्या प्रतिकृतीवर पारदर्शक ॲक्रिलिकचा साचा बनवतात. ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण भूल देऊन हाड जागेवर आणतात, साचा दातांवर टोपीसारखा बसवतात आणि जबड्याच्या खालून फिरवून आणलेल्या दोन-तीन बारीक तारांनी आवळून टाकतात. बाहेर हनुवटीखाली सुई टोचल्याएवढ्या खुणा राहतात, बाकी काही नाही.

तार थेट दातांनाच का नाही बांधत, हेही काहींनी विचारलंय. दुधाच्या दातांचा दिसणारा भाग आखूड असतो, तार सरकून निघून येते, आणि साधारण ६ वर्षांनंतर मुळं झिजायला लागतात तेव्हा तारेबरोबर दातच उपटून यायचा.

पद्धत जुनी आहे हे मात्र खरं. १८६५ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड घोडागाडीच्या अपघातात जबडा मोडून पडले होते, तेव्हा थॉमस गनिंग नावाच्या डेंटिस्टने त्यांना कडक रबराचा स्प्लिंट बसवला होता, आपला मुलांचा साचा त्याच घराण्यातला. जुनी आहे म्हणून टाकाऊ नाही हो, मुलांसाठी ती टिकून राहिली कारण तिच्यात अंकुरांना धक्का लागत नाही.

मुलांचं हाड फार पटकन जुळतं, मोठ्यांना जिथे ४ ते ६ आठवडे लागतात तिथे यांना २ ते ३ आठवडे पुरतात. पण याचीच दुसरी बाजू अशी की वाकडं असलं तर वाकडंही तेवढ्याच लवकर जुळतं, त्यामुळे हलवायचं असेल तर पहिल्या आठवड्यात हलवायला हवं. म्हणून वाद बाजूला ठेवा आणि उद्याच जा. साचा काढताना परत थोडी भूल लागेल, त्याला घाबरू नका.

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझी मुलगी ५ वर्षांची आहे, १२ दिवसांपूर्वी सायकलवरून पडून हनुवटी फुटली, ४ टाके पडले, एक्स-रे काढला त्यात काही नाही म्हणाले. टाके निघाले, जखम छान भरलीय, पण ती पोळी खायला नको म्हणते, नुसता वरणभात मागते, आणि तोंड उघडलं की हनुवटी उजवीकडे जाते असं माझ्या बायकोला वाटतं. आई म्हणते लाड करून घेतेय, मला कळत नाही. — एक बाबा, नागपूर

उत्तर : दादा, तुमच्या बायकोची नजर बरोबर आहे. पोरगी लाड करून घेत नाहीये, तिला चावताना दुखतंय. तुम्हाला मी त्याच दिवशी सीटी स्कॅन करून घ्यायला सांगितलं होतं, आता बाकीच्यांसाठी लिहिते, आणि हे ज्यांच्या घरात १० वर्षांच्या आतलं मूल आहे त्यांनी जरा शांतपणे वाचा, कारण मला या सगळ्या सदरात हेच सांगायचंय.

खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो आणि त्याची दोन टोकं दोन्ही कानांच्या पुढे सांध्यात बसलेली असतात, त्या टोकांना आम्ही कॉन्डाइल म्हणतो. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, बोटाखाली जे हलतं ते हेच. मूल हनुवटीवर पडलं की मार लागतो पुढे आणि तो जोर हाडातून मागे जाऊन त्या टोकांवर बसतो. मुलांच्या खालच्या जबड्यात सगळ्यात जास्त वेळा मोडतं ते हेच टोक. पण बाहेर रक्त हनुवटीतून येतं, सगळ्यांचं लक्ष तिथे, टाके पडतात, मलमपट्टी होते, मूल घरी येतं. कानापाशी कोणी हात लावून बघितलेलाच नसतो.

साध्या एक्स-रेत हे दिसत नाही असं बऱ्याचदा होतं. ओपीजी म्हणजे तोंडाभोवती फिरणारा जो मोठा एक्स-रे असतो तो बरा, पण त्याला मुलाने १०-१५ सेकंद दगडासारखं उभं राहावं लागतं आणि नुकतं पडलेलं रडणारं पोर कुठलं उभं राहतंय, फोटो हलतो. सीटी स्कॅनमध्ये ते टोक स्पष्ट दिसतं. मला माहीत आहे रेडिएशनची भीती असते, उगाच पुन्हा पुन्हा करू नये हे मान्य, पण शंका असताना एकदा करणं गरजेचंच आहे.

घरी काय बघायचं? तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का, मोडलं असेल तर ती त्याच बाजूला जाते. मागचे दात टेकतात पण पुढचे टेकत नाहीत असं होतंय का, तसं असेल तर दोन्हीकडची टोकं मोडलेली असू शकतात. कानाच्या पुढे दाबलं की दचकते का. कानातून रक्त आलं होतं का, कारण ते टोक मागे आदळून कानाच्या नळीलाच जखम करतं, अर्थात कानातून रक्त हे डोक्याच्या फ्रॅक्चरचंही लक्षण असतं तेव्हा त्यात घरी अंदाज बांधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि शेवटचं, मुलाची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात मावतात का ते बघा.

उपचार ऐकून तुम्हाला हायसं वाटेल, कारण लहान मुलांत या टोकाच्या फ्रॅक्चरला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. दात नीट जुळत असतील तर दुखण्याचं औषध, मऊ खाणं आणि तोंडाचा व्यायाम एवढंच. दात जुळत नसतील तर वरचा-खालचा जबडा रबरबँडने थोडे दिवस बांधतात, ७ ते १० दिवस, आणि मग लगेच व्यायाम सुरू. या वयात मोडलेलं टोक पुढच्या काही वर्षांत स्वतःला परत घडवतं, वाढत्या हाडाला ती ताकद असते, मोठ्यांना ती नसते. मी ३ वर्षांच्या मुलांचे स्कॅन बघितलेत ज्यात टोक पार आडवं झालं होतं आणि वर्ष-दोन वर्षांनी त्या जागी नवं गोल टोक तयार झालेलं.

मग एवढं घाबरवतेय कशाला? तर न ओळखलेल्या, न हलवलेल्या सांध्यासाठी. लहान मुलांचं ते टोक रक्ताने भरलेलं, स्पंजसारखं असतं, मोडतं म्हणण्यापेक्षा फुटतं, सांध्यात रक्त साचतं. दुखतंय म्हणून मूल तोंड उघडत नाही, घरचेही राहू दे म्हणतात, आणि त्या साचलेल्या रक्ताचं हळूहळू हाड होऊन सांधाच जुळून जातो. आपल्याकडे मुलांचा जबड्याचा सांधा असा जखडतो त्यामागे लहानपणीचा मार हेच सगळ्यात मोठं कारण असतं.

मला एक मुलगी अजून आठवते, ७ वर्षांची. तिसऱ्या वर्षी ओट्यावरून पडलेली, हनुवटीवर टाके घालून घरी पाठवलेली. माझ्याकडे आली तेव्हा तिचं तोंड ३ मिलिमीटर उघडत होतं, त्या वयाचं मूल साधारण ४० मिलिमीटरच्या आसपास उघडतं. तिची आई नाचणीची आंबील बोटाने दातांच्या फटीतून आत सारायची. हनुवटी वाढलीच नव्हती, चेहरा मागे गेलेला, रात्री श्वास अडकायचा म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची. तोंडच उघडत नाही तर भूल द्यायची नळी घालायची कशी, ती नाकातून दुर्बिणीने घालावी लागली, मग जुळलेलं हाड कापून काढलं, मधे स्नायूचा पडदा घातला, आणि पुढे कितीतरी महिने व्यायाम, रोज रडत रडत. ती आई मला म्हणाली, "मॅडम, तेव्हा कुणी फक्त एवढं सांगितलं असतं की तोंड उघडून घ्या." मला हे वाक्य सोडत नाही. टाके घालणाऱ्या माझ्या सगळ्या डॉक्टर मित्रांना कळकळीने सांगते, हनुवटी शिवताना अर्धं मिनिट काढून दोन बोटं कानापुढे ठेवा आणि मुलाला तोंड उघडायला लावा.

व्यायामाचं सांगते. आरशापुढे उभं करायचं, आरशावर पेनाने एक उभी रेघ मारायची, तोंड उघडताना हनुवटी त्या रेघेवर राहिली पाहिजे, दिवसातून ४-५ वेळा. तोंड कमी उघडत असेल तर आइस्क्रीमच्या सपाट काड्या एकावर एक रचून मागच्या दातांमधे घालायच्या आणि दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची, किती आणि कधीपासून ते तुमचे डॉक्टर सांगतील. आमच्याकडे एका पोराने काड्यांवर पेनाने तारखा लिहिल्या होत्या, गठ्ठा वाढताना बघून त्यालाच हुरूप यायचा. आणि तपासणी सोडू नका, पहिल्या महिन्यात वरचेवर, मग ३ महिन्यांनी, ६ महिन्यांनी, आणि पुढे वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा वाढतोय ना हे बघायचं असतं आणि ते एका दिवसात कळत नाही.

प्रश्न : नातवाला जबड्याला साचा बांधलाय, ३ वर्षांचा आहे. नुसतं दूध पितोय, वाळून चाललाय. काय भरवू? — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुमच्या हातचंच चालेल, फक्त चावावं लागू नये. मऊ गुरगुट्या भात त्यावर मेतकूट-तूप, मुगाची पातळ खिचडी, नाचणीचं सत्त्व, रव्याची खीर, कुस्करलेलं केळं, उकडून मोडलेला बटाटा, अंडं खात असाल तर मऊ भुर्जी, डाळीचं घट्ट पाणी. एका वेळी जास्त जात नाही म्हणून दिवसातून ६-७ वेळा थोडं थोडं द्या. वरचा आणि खालचा जबडा एकत्र बांधलेला असेल तर मात्र फक्त पातळ, गाळून, चमच्याने गालाच्या बाजूने. दाणे, चिवडा, चकली, पेरू, कडक पोळी साचा निघाल्यावरही महिनाभर नको. प्रत्येक खाण्यानंतर कोमट पाण्याने तोंड धुवून घ्या, गुळण्या येत नसतील तर कापसाचा मऊ बोळा फिरवा, साच्याच्या कडेला अन्न अडकून वास येतो आणि हिरड्या सुजतात. थोडं वजन उतरेल, साचा निघाला की भरून येईल. ताप आला, साचा हलायला लागला किंवा तोंडातून पू-वास आला तर वाट बघू नका.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. मैदानावर मूल तोंडावर पडलं तर पहिल्या १० मिनिटांत आम्ही नक्की काय करायचं? — एक शिक्षिका, फोंडा, गोवा

उत्तर : टीचर, तुम्ही हे विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. आधी मूल शुद्धीवर आहे का आणि श्वास नीट घेतंय का. तोंडात रक्त असेल तर त्याला उताणं झोपवू नका, रक्त घशात जातं, पुढे वाकवून बसवा, बसता येत नसेल तर कुशीवर वळवा. उंचावरून पडलं असेल, मान दुखतेय म्हणत असेल तर मान न हलवता, डोकं-मान-पाठ एका रेषेत धरून दोघातिघांनी मिळून वळवायचं. स्वच्छ रुमालाने जखमेवर दाब द्या, बाहेरून बर्फ लावा. जखमेत हळद, कॉफी पावडर काहीही भरू नका, नंतर ते आम्हाला खरवडून काढावं लागतं आणि मुलाला अजून दुखतं. डोक्यावरून हनुवटीखाली घट्ट पट्टी बांधतात ती पण नको, उलटी झाली तर तोंड उघडणार कसं.

पडलेले दात शोधा. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, पण मिळाला पाहिजे, कारण नाही मिळाला तर तो श्वासनलिकेत गेला का हे बघावं लागतं. पक्का दात असेल, म्हणजे साधारण ६-७ वर्षांपुढचं मूल, तर मुळाला हात न लावता दात थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासात डेंटिस्ट गाठा. उलट्या, गुंगी, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं काही येणं, यातलं काहीही दिसलं तर आधी डोक्याची तपासणी, जबडा नंतर. तोवर खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे, ॲस्पिरिन लहान मुलांना देऊच नका.

आणि पालकसभेत एक विषय माझ्यातर्फे घ्या. स्कूटरवर पुढे उभं केलेलं मूल ब्रेक लागला की सरळ हँडलवर हनुवटी आपटतं. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडलेला सेफ्टी हार्नेस लागतो आणि वेग ४० किलोमीटरच्या आत हवा असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्येच निघालाय, पण रस्त्यावर हार्नेस दिसतो का कुठे?

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, जबडा दोन ठिकाणी मोडला म्हणून प्लेट टाकावी लागली. आता ती काढायची की राहू द्यायची? — पालक, नाशिक

उत्तर : हाड फार सरकलेलं असेल किंवा साच्याने जमणार नसेल तर मुलांतही प्लेट टाकतात, ती जबड्याच्या अगदी खालच्या कडेला, छोट्या स्क्रूंनी, अंकुरांपासून लांब. वाढत्या वयात टायटॅनियमची प्लेट आम्ही शक्यतो २-३ महिन्यांनी काढतो, म्हणजे वाढीला अडथळा नको आणि ती हाडात गाडली जायला नको. विरघळणाऱ्या प्लेटही मिळतात, त्या काढाव्या लागत नाहीत पण महाग असतात. तुमच्या सर्जनकडून तारीख आत्ताच ठरवून घ्या, लांबवलं की राहूनच जातं.

प्रश्न : आम्ही लहान गावात राहतो. हे सगळं कुठे होतं आणि खर्चाचं काय? — अनेक वाचक

उत्तर : शोधायचं ते ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन, म्हणजे तोंड-जबडा-चेहऱ्याचे सर्जन, आणि सोबत मुलांचे डेंटिस्ट असतील तर उत्तमच, साच्याचं काम त्यांच्या हातात छान बसतं. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबईत सीएसएमटीजवळ, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला. खाजगी दंत महाविद्यालयांतही हा विभाग असतो आणि खर्च बऱ्यापैकी कमी येतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का ते ॲडमिट होण्याआधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि मुलाचं आधार बरोबर ठेवा. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांना कळवावं लागतं, ती नेहमीची पद्धत आहे, त्यापायी जायचं टाळू नका. कसं पडलं, कोण होतं असे प्रश्न डॉक्टर दोन-दोनदा विचारतील, विशेषतः अगदी लहान बाळ असेल तर, राग मानू नका, मुलाच्या सुरक्षिततेसाठी ते विचारावंच लागतं.

जाताना पडलेल्या दिवसाचे सगळे कागद, एक्स-रे आणि सीटीची सीडी न्या. आणि मोबाइलमध्ये मुलाचा पडण्याआधीचा दात दिसतील असा हसरा फोटो असेल तर तो आठवणीने दाखवा, त्याचे दात आधी कसे जुळत होते ते आम्हाला त्यावरूनच कळतं.